वरळीच्या बेडकाचे कूळ कोणते?

या शिवाजी पार्कवरून थोडे दक्षिणेस गेले की वरळीची टेकडी लागते. तिच्या पोटात अतिप्राचीन बेडूक सापडले, हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांला हसूच आले. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. खडकांची विद्या आम्ही वाचनालयाच्या बाकावर बसून मिळवली.

आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. तो एका दमात आला नाही. दोन लोंढ्यांमधल्या काळात सखल जागी पाणी साचे, गाळ बसे, त्यात जीव नांदत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वरळीस असाच गाळ बसला. त्याचा पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड झाला आणि त्यात इवल्या बेडकांचे सांगाडे दबून राहिले.

1847 साली रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये त्यांना नाव दिले, ‘राना पुसिल्ला’. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ‘राना’ ही नेहमीच्या बेडकांची प्रजाती; ‘पुसिल्ला’ म्हणजे चिमुकली. 1869 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे स्टोलिक्झ्का यांनी हाडे तपासून हा बेडूक ‘ऑक्सिग्लॉसस’ प्रजातीत घातला. 1930 साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील नोबल यांनी त्याच्यासाठी नवीच प्रजाती काढली, ‘इंडोबॅट्रॅकस’, म्हणजे भारताचा बेडूक. आणि त्याचे नाते ऑस्ट्रेलियातील बेडकांशी जोडले. भारत व ऑस्ट्रेलिया एकेकाळी गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नात्याचे महत्त्व कळते.

प्रजाती दोनदा बदलली, पण ओवेन यांचा दुसरा शब्द टिकला. नव्या प्रजातींची नावे पुल्लिंगी, म्हणून ‘पुसिल्ला’चे ‘पुसिल्लस’ झाले, इतकेच.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, मग विश्वास कशावर ठेवावा? आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात यंत्र चालवणारा गडी हजेरीपटावर कित्येक वर्षे ‘मदतनीस’ होता. पगारही तसाच. आम्ही त्याच्या कामाचे कागद गोळा करून पुढे ठेवले, तेव्हा नोंद सुधारली. जी नोंद पुराव्यापुढे बदलते, तीच विश्वासाची.

मात्र पुरावा शाबूत हवा. वरळीवर आज इमारती उभ्या आहेत. पाया खणताना असा पापुद्र्यांचा दगड निघाला, तर भरावात लोटण्याआधी तो जाणत्यास दाखवावा, एवढेच आमचे मागणे आहे.