वनातील सावड

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. उंबरमाळीच्या या परिसरात साग व ऐन यांची वने आहेत. पूर्वी तोडीसाठी आखलेला वनाचा भाग, म्हणजे कूप, ठेकेदार लिलावात घेत असे. झाडे तोडीत ठाकूर, कातकरी, वारली. नफा मात्र ठेकेदाराचा. पावसाळ्यात घरात दाणा नसला की मजूर उचल घेई आणि ती फेडण्यासाठी पुढे मिळेल त्या मजुरीवर राबे.

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ असताना 1947 साली जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. त्यांना लिलावाविना कूप मिळू लागले.

अशी संस्था चालते कशी? खेड्यातील शेतकरी आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबतात, तिला सावड म्हणतात. सहकार हे सावडीचेच नियमबद्ध रूप होय. मजूर थोडे थोडे पैसे भरून संस्थेचे भाग घेतात व सभासद होतात. कोणी दहा भाग घेतले, तरी त्याला मत एकच. सभासद आपल्यातून कार्यकारी मंडळ निवडतात. त्या मंडळाला दरवर्षी सर्वांच्या सभेपुढे हिशेब मांडावा लागतो. मजुरी चुकती केल्यावर उरलेल्या नफ्यातील काही रक्कम अडचणीच्या काळासाठी राखून ठेवतात.

परंतु सभासदांनी सभेकडे पाठ फिरवली, हिशेब न वाचताच अंगठा उठवला, तर संस्थेतच नवा ठेकेदार उभा राहतो. म्हणून सहकाराला भांडवलाइतकीच अक्षरांची व जागरूकतेची गरज असते.