पावसाळ्यात कंपोस्टला वास का येतो?

भोर-वेल्ह्यात पाऊस लागून राहिला, की परसातल्या कंपोस्टच्या पिंपाला दुर्गंधी सुटते. कचऱ्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा खेळत नाही आणि हवेविना कुजवणारे जिवाणू वाढतात.

उपाय काय?
पिंप पत्र्याखाली, विटांवर ठेवा; तळाला भोकं पाडा. भाजीच्या देठा-सालींच्या १ वाट्याला २ वाटे सुका पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा बारीक करून मिसळा. आठवड्यातून एकदा खाली-वर करा. मूठभर कंपोस्ट दाबून पाहा. पाणी गळलं, तर पेंढा वाढवा.

बागेत कधी घालायचं?
काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचं झालं, की वांगी-मिरचीला घाला. कच्चं घातलं, तर ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात.