केळीबाग : तण आणि जमिनीचा कस

केळ हा वृक्ष नव्हे. आपण ज्याला खोड म्हणतो तो पानांच्या देठांच्या तळांचा गुंडाळा; खरे खोड जमिनीखालचा कंद. त्याची बहुतेक मुळे वरच्या हातभर मातीतच पसरतात. केळीबागेतील तणाचा सारा प्रश्न या एका गोष्टीतून निघतो. तण जेथे अन्नपाणी शोधते तेथेच केळही शोधते.

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल भागात जूनजुलैत लावतात तो मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमारास लावतात तो कांदेबाग. दीड-दीड मीटरवर लावल्यास हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे बसतात. पण पहिले चार महिने पाने एकमेकांना भिडत नाहीत. मोकळ्या मातीवर ऊन पडते आणि हरळी, लव्हाळा, केना माजतात. या काळात जो मागे पडला त्याचा घड पुढे खताने भरून निघत नाही. पुढे सावली दाटली की तण आपोआप हटते.

मग खोल खणावे काय? नाही. कुदळीने तणाबरोबर केळीची मुळेही तुटतात. शिवाय लव्हाळ्याच्या गाठी विखुरतात आणि एकाचे दहा होतात. म्हणून लहानपणी हलकी कोळपणी, बुंध्याजवळ खुरपे, आणि मुळे पसरल्यावर औत बंद. तणनाशक तण मारते, पण मातीला काही देत नाही. कोवळ्या पानावर उडाले तर केळही होरपळते.

याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे माती उघडी न ठेवणे. दोन ओळींमध्ये ताग पेरावा आणि फुलावर येताच गाडावा. तो तणावर सावली धरतो आणि मुळांवरील गाठींतून हवेतले नत्र जमिनीत आणतो. चवळीही हे करते. परंतु ‘हरण्या’ या रोगाचा विषाणू चवळी, काकडी, केना यांच्यावर राहतो आणि मावा तो केळीवर आणतो. म्हणून येथे तागच बरा. बांधावरचा केनाही याच कारणाने काढावा.

पण ताग पालाश निर्माण करीत नाही, आणि केळ तर पालाशाची मोठी भुकेली. शिफारस झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश अशी आहे. घड उतरल्यावर खोडापानांत पालाशाचा मोठा साठा उरतो. ती बांधावर फेकणे किंवा जाळणे म्हणजे विकत आणलेले खत घालवणे. चिरून ओळींत पसरली तर तीच तण दाबतात, ओल धरतात आणि कुजून जमिनीला परत मिळतात. पाने रोगट असतील तर मात्र ती बागेबाहेर काढावीत.

आता आपल्याविषयी. केळ्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ते खानदेशच्या काळ्या मातीतून आपल्या ताटात येते. साल कचऱ्यात गेली की तिच्यातला अंशही मातीला मुकतो. निदान ती सालपटे खतखड्ड्यात टाकली, तर ज्या मातीचे आपण खातो तिचे देणे थोडे तरी फिटेल.