कडा, पोट आणि पगार

मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या धैर्याच्या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ, पण वाट जरा वेगळी आहे. आज कड्यावरून जायचं आहे.

त्याचं असं झालं. माझी नात एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत घरी आली आणि म्हणाली, "आबा, मला वर्षभर कॉलेज सोडून नुसते कडे चढत फिरायचंय. जमलं तर पुढे तेच करायचंय." घरात जे व्हायचं ते झालं. सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ती तुमचं ऐकते, तुम्ही समजावा." आता समजवायचं तर विषय माहीत हवा, म्हणून मी वाचायला बसलो. त्याला दोन महिने झाले.

आपल्याकडे सह्याद्रीत चढणारी पुष्कळ मंडळी आहेत. शनिवारी रात्री निघायचं, रविवारी ड्यूक्स नोज किंवा कोकणकडा, सोमवारी सकाळी कचेरीत हजर. चढणं हेच ज्याचं काम आहे, असा माणूस मात्र आपल्या ओळखीत सहसा नसतो. तसा माणूस अमेरिकेत कसा तयार झाला, ते आधी बघू.

कॅलिफोर्नियात योसेमिटी नावाची दरी आहे. तिथे एल कॅपिटन हा ग्रॅनाइटचा कडा, सुमारे तीन हजार फूट, जवळजवळ सरळसोट. त्या दरीत 'कॅम्प 4' नावाची तंबू टाकायची जागा आहे. 1950-60 च्या दशकांत काही तरुण तिथे महिनोन्‌महिने पडून असत. मुक्कामाला मुदत होती. ती उलटली की रेंजरांची नजर चुकवायची. त्यांच्यातला इव्हॉन शुइनार्ड हा ऐरणीवर पोलादी पिटॉन, म्हणजे खडकाच्या भेगेत ठोकायचे खिळे, स्वतः घडवायचा आणि मोटारीच्या डिकीतून दीड डॉलरला एक असे विकायचा. पुढे याच माणसाने पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी काढली. तेव्हा या लोकांना चढण्याचे पैसे कोणी देत नव्हतं. पैसे लागू नयेत, अशीच त्यांनी जगण्याची रीत बसवली होती. संन्याशाची आठवण होते खरी; फरक एवढाच की संन्याशाला भिक्षा मागायची परवानगी असते.

आता ही माणसं सतत फिरतात का? मला वाटलं होतं, हौस. पण याला कारण आहे. उन्हात बोटांना घाम येतो, बूट घसरतो; थंड, कोरड्या खडकावर पकड चांगली बसते. म्हणून योसेमिटीत वसंत आणि शरद, हिवाळ्यात दक्षिणेकडची वाळवंटं, उन्हाळ्यात कॅनडातलं स्क्वामिश किंवा उंचावरचे पहाड. मेंढपाळ चाऱ्यामागे जातो तसे हे थंडीमागे जातात. ग्रीसचं कालिम्नोस हे बेट पूर्वी समुद्रातून स्पंज काढणाऱ्यांचं होतं. आज तिथे चुनखडीचे कडे चढायला जगभरातून लोक येतात. आणि आपलं हंपी! क्रिस शर्मा या नामवंत अमेरिकन आरोहकावरची 'पिल्ग्रिमेज' ही फिल्म 2003 साली हंपीच्या शिळांवरच झाली. आपण तिथे विरूपाक्षाचं दर्शन घेऊन परत येतो.

मग पोट कसं भरतं? स्पर्धांच्या बक्षिसांवर फारच थोड्यांचं. बाकीच्यांचं प्रायोजकांवर: बूट, दोर, कपडे बनवणाऱ्या कंपन्या. करार असतो, कोणाला नुसतं सामान मिळतं, कोणाला प्रवासखर्च, मोजक्यांना नियमित मानधन. त्या बदल्यात छायाचित्रं, फिल्म, व्याख्यानं द्यायची.

आणि इथेच तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 'द ग्रासहॉपर' या 1978 च्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा आशय असा की जी अडचण टाळता आली असती, ती आपण होऊन स्वीकारणं म्हणजे खेळ. एल कॅपिटनच्या माथ्यावर मागच्या बाजूने पायवाटेनेही जाता येतं. तरी समोरून चढायचं. बरं, अडचण आपण होऊन घेतली हे मान्य. पण ती घेण्याचे पैसे मिळायला लागले, तर ती 'आपण होऊन' राहते का?

हा प्रश्न पुस्तकी नाही. 2014 साली क्लिफ बार या खाद्यपदार्थांच्या कंपनीने पाच नामवंत आरोहकांशी असलेले करार थांबवले. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं, की या लोकांच्या जिवाच्या जोखमीवर आपला फायदा होतो हे आम्हाला पटेनासं झालं आहे. त्या पाचांत ॲलेक्स हॉनल्ड होता. त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून उत्तर दिलं, ते मला फार समंजस वाटलं. कंपनीची अडचण मला कळते, पण माझी मर्यादा मीच ठरवतो, असा त्याचा सूर होता. त्याच पाचांतला डीन पॉटर पुढच्याच वर्षी, मे 2015 मध्ये, योसेमिटीत पंखांचा पोशाख घालून कड्यावरून उडी घेताना गेला. म्हणजे कंपनी मागे सरली तरी तो माणूस थांबला नाही. यावरून पैशाचा दोष नाही असं सिद्ध होतं का? नाही. पण पैसा हेच कारण होतं, असंही म्हणता येत नाही.

हॉनल्डकडे जरा थांबू. बर्कलीत एक वर्ष इंजिनिअरिंग केलं आणि सोडलं. (हे वाक्य मी सुनेसमोर वाचलेलं नाही.) वडील 2004 मध्ये वारले, हा आईची गाडी घेऊन निघाला. मग स्वतःची व्हॅन घेतली आणि बरीच वर्षं तेच घर. 3 जून 2017 रोजी त्याने एल कॅपिटन दोराशिवाय, एकट्याने चढला; 3 तास 56 मिनिटं. त्यावरच्या 'फ्री सोलो' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. त्याआधी एका वर्षाहून अधिक काळ त्याने तीच वाट दोर लावून पुन्हा पुन्हा चढून पाठ केली होती.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा, नोव्हेंबर 2016 मधला दिवस. कॅमेरे लागले होते, फिल्मची माणसं दोरांवर लटकली होती. तो थोडा वर गेला, मनाला बरं वाटेना, आणि परत फिरला. ॲरिस्टॉटल म्हणतो धैर्य भित्रेपणा आणि बेदरकारपणा यांच्या मध्ये असतं. हे वर्गात तीस वर्षं शिकवलं, पण त्याचं चित्र डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं. पैसे घेणारा माणूस परत फिरू शकतो का, हीच मला त्या धंद्याची खरी परीक्षा वाटते.

त्याची आई फ्रेंचची शिक्षिका. ती 2017 मध्येच वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, दोराने, मुलाबरोबर तोच कडा चढली. हे मात्र मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मला नका त्यात ओढू."

नातीला मी उपदेश केला नाही. फोनवर एवढंच विचारलं, की अर्ध्यातून परत फिरलीस असे प्रसंग सांग. तिने तीन सांगितले, त्यातल्या एका वेळी बरोबरच्या मुलांनी तिची टर उडवली होती. सुनेला काय सांगायचं, ते अजून ठरत नाहीये. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.