पगार दिरहममध्ये, घर मलकापुरात : परदेशातल्या पोराच्या नावावर गृहकर्ज काढताना फाईल कुठे अडते?

मलकापूर (ता. कराड) : पोरगा दुबईत, मस्कतला नाहीतर बोटीवर आणि आई-वडील गावाकडं, अशी घरं आता कराड तालुक्यात नवी राहिली नाहीत. दोन-चार वर्षं पैसे साठले की घराचा विषय निघतो. हायवे, कराडचा बाजार आणि हॉस्पिटल हाताशी, त्यात २४ तास पाणी, म्हणून मलकापूरकडं ओढा जास्त. पगार चांगला असतो, तरीही बँकेत फाईल अडते. बहुतेक वेळा अडचण पगाराच्या आकड्यात नसते, पैसे कोणत्या वाटेनं आले यात असते.

नोकरीसाठी माणूस देशाबाहेर गेला की फेमा कायद्यानुसार तो अनिवासी भारतीय धरला जातो. त्याचं गावातलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. परदेशातली कमाई ठेवायला एनआरई खातं उघडायचं. एनआरईच्या व्याजावर इथं आयकर नाही. एनआरओच्या व्याजातून मात्र ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर असा कर आधीच कापला जातो.

आता खरी गोम. बरीच पोरं पैसे थेट वडिलांच्या खात्यावर टाकतात. ते बेकायदा नाही, पण कर्ज मागताना बँक पोराच्या स्वतःच्या खात्यावरच्या पगाराच्या नोंदी बघते. वडिलांच्या पासबुकावरची एंट्री हा पोराच्या पगाराचा पुरावा होत नाही. हुंडीनं आलेल्या पैशाचं तर नावच काढू नये. दोन रुपये भाव जास्त मिळतो म्हणून लोक तो मार्ग धरतात, पण तो बेकायदा आहे आणि त्याचा कागद कुठंच नसतो. दहा वर्षं कमावून बँकेच्या लेखी उत्पन्न शून्य! घर बांधायचा विचार असेल तर निदान वर्षभर आधीपासून पगार परदेशातल्या बँकेत आणि तिथून स्वतःच्या एनआरई खात्यावर, अशी वाट लावून घ्यावी.

कर्ज रुपयांत मिळतं आणि फेडायचंही रुपयांत. हप्ता एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, परदेशातून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशातून, त्याच घराच्या भाड्यातून जाऊ शकतो, किंवा इथला जवळचा नातेवाईक कर्जखात्यावर भरू शकतो. म्हणजे एखाद्या महिन्यात पगार लांबला तर वडिलांनी हप्ता भरला तरी चालतं.

समजा पगार ४,००० दिरहम आहे. दिरहम २२ रुपये असताना ते ८८,००० रुपये होतात आणि २० रुपये असताना ८०,०००. पगार तोच, पण इथं आठ हजारांचा फरक. हप्ता मात्र भाव बघून कमी होत नाही. म्हणून बँक परकीय पगार पूर्ण न धरता थोडा हात राखूनच धरते. दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे, सौदी रियालही ३.७५ ला. त्यामुळं आखातातल्या माणसाचा पगार डॉलरसोबत वर-खाली होतो. युरो किंवा पौंडात कमावणाऱ्यानं जास्त सावध राहावं, तिथं चढउतार मोठा असतो. भाव चांगला असेल तेव्हा पाच-सहा हप्त्यांची रक्कम एनआरई खात्यावर बाजूला टाकून ठेवणं हा साधा उपाय आहे.

२५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण २५,३५७ रुपये बसतो. २० वर्षांसाठी घेतलं तर २२,४९३. हप्ता तीन हजारांनी हलका वाटतो, पण शेवटी आठ लाखांच्या वर जास्त जातात. व्हिसा दोन-तीन वर्षांचा आणि कर्ज वीस वर्षांचं, हे गणित घरात बसून एकदा करावं. व्याजदर फ्लोटिंग असेल तर मुदतीआधी कर्ज फेडायला दंड लागत नाही. एकरकमी ग्रॅच्युइटी हातात आली की ती तिथं वळवता येते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी सहसा त्यात धरत नाहीत, ते खिशातून.

जमिनीचं प्रकरण वेगळंच. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसानं आलेली शेती नावावर राहू शकते, खरेदी नाही. हायवेकडेला गुंठा-दोन गुंठ्याचा तुकडा स्वस्तात मिळतोय म्हणून पोराच्या नावानं इसार देणाऱ्यांनी आधी सातबारा बघावा. एनए नसेल तर खरेदीही अडते आणि कर्जही. वडिलांच्या नावच्या गावठाणातल्या जागेवर पोरानं बांधायचं असेल तर मालक म्हणून वडिलांना कर्जात सहकर्जदार व्हावं लागतं. फ्लॅट असेल तर महारेरा नंबर तपासावा. प्लॉट ५०० चौरस मीटरहून मोठा आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे.

पोरगा सहीला येऊ शकत नसेल तर भावाच्या किंवा बायकोच्या नावे मुखत्यारपत्र लागतं. ते तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत साक्षांकित करून घ्यायचं आणि कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. ही मुदत चुकून कागद परत करावे लागले की सुट्टी संपून जाते. अधिकार फक्त त्या एका घराच्या खरेदीपुरते आणि कर्जापुरते लिहावेत. सगळी मालमत्ता विकायचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र भावकीत पुढं कोर्टापर्यंत जातं.

बोटीवरच्या पोरांचं थोडं निराळं. दोन करारांच्या मधल्या महिन्यांत पगार नसतो, म्हणून बँक सीडीसी, मागचे करार आणि एनआरई खात्याचा उतारा एकत्र बघते. हप्ते बारा महिने असतात हे त्यांनी विसरू नये.

नोकरी गेली आणि पोरगा परत आला तर बँकेला कळवून खाती रहिवासी करून घ्यायची. कर्ज तेच चालू राहतं. गप्प बसणं महागात पडतं. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं, मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघते. ती नोटीस येते मलकापूरच्या पत्त्यावर, जिथं आई-वडील राहतात आणि ज्यांना बहुतेक वेळा पोराचा हप्ता थकलाय हेच माहीत नसतं. म्हणून कर्जाच्या अर्जावर पोराच्या परदेशी नंबरासोबत घरातल्या एका माणसाचा नंबरही द्यावा.

कर्ज फिटल्यावर बँकेनं मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घ्यायला पोराला यायला जमणार नसेल तर मुखत्यारपत्रात तोही अधिकार आधीच लिहून घ्यावा.