रेघ दगडावरची, रेघ पाण्यावरची

मंदिरात बाजोठावर तांदळाचा साथिया काढणाऱ्या श्राविकेला आपण चित्रकार म्हणत नाही. तीही स्वतःला तसे म्हणवून घेणार नाही. परंतु ती काय काढते, याकडे क्षणभर थांबून पाहावे. चार बाजूंना वळलेले स्वस्तिक म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच आणि नारक या चार गती. त्यावरच्या तीन ढिगल्या म्हणजे सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य. सर्वांत वर चंद्रकोर, ती सिद्धशिला. तेथे ना माणसाची आकृती, ना झाडाची, ना स्वर्ग-नरकाचे दृश्य. जीवाचा सारा प्रवास मूठभर अक्षतांच्या काही रेषांत आणि ठिपक्यांत मावलेला असतो, आणि घरातल्या सात वर्षांच्या मुलीलाही तो कळतो.

दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी नव्या चोपड्याच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला जातो. वरच्या ओळीत एक, खालच्या ओळीत दोन, मग तीन, असा श्रीकारांचा डोंगर उभा राहतो. अक्षर तेच असते. वाढत जाण्याची आशा मात्र त्या आकारातून व्यक्त होते. अर्थात, रेषेच्या आणि आकाराच्या योगाने मनातला भाव उमटवणे हे आपल्या व्यापारी घरांना नवे नाही.

तरीही एखाद्या प्रदर्शनात केवळ रेषा, फराटे आणि रंगांचे थर असलेले चित्र समोर आले की आपण विचारतो, “हे कशाचे चित्र आहे?” हा प्रश्न चुकीचा नाही, तो अपुरा आहे. काही चित्रे कशाची तरी नसतात, ती कुठल्या तरी भावावस्थेत उमटलेली असतात. कलाशाळांत या सरावाला ‘मार्क मेकिंग’ म्हणतात. आपण त्याला खुणा उमटवणे म्हणू. यात वस्तूचे अनुकरण नसते. हात किती दाबला गेला, किती वेगाने सरकला, कुठे अडखळला, कुठे पुन्हा पुन्हा त्याच जागी आला, एवढ्यावरच सारे अवलंबून असते. कोळशाची कांडी खरखरीत कागदावर हलक्या हाताने झरझर ओढली तर तुटक, कोरडी रेघ येते. तीच दाबून सावकाश ओढली तर काळीभोर, जड रेघ उमटते. दोन्ही रेघा एकाच लांबीच्या असल्या तरी पाहणाऱ्याला त्या सारख्या वाटत नाहीत.

भावनेला रेघेचे रूप देण्याचा हा विचार आधुनिक चित्रकारांनीच प्रथम केला, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या कर्मसाहित्यात कषायांचे वर्णन कसे आले आहे, ते आठवावे. क्रोधाचे चार प्रकार सांगताना आचार्यांनी चार रेघांचे दृष्टान्त दिले आहेत. पहिला क्रोध पर्वताच्या शिळेवरील भेगेसारखा, दुसरा जमिनीतील भेगेसारखा, तिसरा वाळूतील रेघेसारखा आणि चौथा पाण्यावरील रेघेसारखा. श्वेतांबर परंपरेतील पहिल्या कर्मग्रंथात आणि दिगंबर परंपरेतील आचार्य नेमिचंद्रांच्या गोम्मटसारात हेच चार दृष्टान्त आढळतात.

एवढ्यावर ते थांबत नाहीत. मान हा खांबाच्या रूपाने सांगितला आहे: दगडाचा, हाडाचा, लाकडाचा आणि शेवटी सहज लवणारा वेताचा. माया ही वळणांतून सांगितली आहे: बांबूच्या गुंतलेल्या मुळाची, मेंढ्याच्या शिंगाची, चालत्या बैलाच्या मूत्राने जमिनीवर उमटणाऱ्या नागमोडी रेघेची. लोभ सांगितला आहे तो डागांतून. हळदीचा रंग उन्हात उडून जातो. कृमिरागाचा रंग मात्र वस्त्र जळेपर्यंत सुटत नाही. कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या वाचकाला या दृष्टान्ताचे मर्म वेगळे उलगडून सांगायला नको. रेघ, उभा खांब, वळण आणि डाग: चित्रकाराच्या हाती याहून वेगळी सामग्री ती कोणती असते? मनाच्या परिणामांना कृष्ण, नील, कापोतापासून शुक्लापर्यंत सहा रंगांची नावे देणारी लेश्यांची मांडणीही याच जातीची आहे.

क्रोधाच्या त्या चारही रेघा नाशिककरांच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. म्हसरूळला गजपंथाच्या पायऱ्या चढून चांभार लेण्यांपाशी जावे, किंवा मनमाडजवळ अंकाईच्या जैन लेण्यांत उभे राहावे. काळ्या कातळावर पडलेला छिन्नीचा घाव शतके उलटली तरी तेथेच आहे. ती पहिली रेघ. निफाड-दिंडोरीच्या काळ्या रानाला चैत्र-वैशाखात भेगा पडतात आणि पावसाने त्या मिटतात. ती दुसरी. गोदेच्या काठच्या वाळूत काडीने ओढलेली रेघ वाऱ्याने हळूहळू बुजते. ती तिसरी. आणि रामकुंडाच्या पाण्यावर बोट फिरवले तर बोट पुढे सरकण्याआधीच मागची रेघ नाहीशी झालेली असते. ती चौथी.

श्वेतांबर परंपरेने या चारांना काळाचे मापही दिले आहे. पाण्यावरची रेघ पंधरा दिवस, वाळूतली चार महिने, जमिनीतली एक वर्ष आणि शिळेवरची आयुष्यभर. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाचा क्रम याच मापाला धरून आहे. संवत्सरी उलटून गेली तरी जो राग मनात तसाच राहिला, तो शिळेवर गेला असे समजावे. म्हणून आपल्या मनातली रेघ सध्या कोणत्या पृष्ठावर उमटली आहे हे वेळीच ओळखणे, हा केवळ कलेचा विषय राहत नाही.

येथेच आपल्या घरांची एक अडचण आहे. पेढीवर बसणाऱ्या माणसाला जिभेवर ताबा आणि चेहऱ्यावर हसू ठेवण्याची सवय लहानपणापासून लागते. गिऱ्हाइकासमोर राग दाखवायचा नाही, देणेकऱ्यासमोर भीती दाखवायची नाही, घरी आल्यावर वडीलधाऱ्यांसमोर दुःख दाखवायचे नाही. ही शिस्त व्यापाराला उपकारक ठरते. पण दाबलेला भाव त्यामुळे नाहीसा होत नाही. वडिलोपार्जित दुकानाची वाटणी होते, दोन गल्ल्यांच्या मध्ये प्लायवूडची भिंत उभी राहते आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. दरवर्षी ‘मिच्छा मि दुक्कडं’चा संदेश मोबाइलवरून शेकडो लोकांना जातो, भिंतीपलीकडे मात्र तो जात नाही. असे घर माहीत नसलेला वाचक क्वचितच असेल.

अशा वेळी शब्द कामी येत नाहीत, कारण शब्दांचा हिशेब ठेवला जातो. कोण काय बोलले, कोणासमोर बोलले, हे वर्षानुवर्षे लक्षात राहते. कागदावर ओढलेल्या फराट्यात मात्र कोणावर आरोप नसतो आणि कोणाची बाजूही नसते. तो केवळ सांगतो की या क्षणी या हातात एवढा भार आहे.

हा भार कागदावर उतरवून मोठे झालेले कलावंत आपल्याजवळचेच आहेत. वासुदेव गायतोंडे मूळचे गोव्याच्या घराण्यातले, जन्म १९२४ साली नागपूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली त्यांनी पदविका घेतली. आरंभीच्या काळात भारतीय लघुचित्रांच्या अभ्यासातून ते रंग आणि रेषा यांच्याकडे वळले. हळूहळू आकृत्या गळून पडल्या आणि उरली ती रंगांच्या थरांतून झिरपणारी शांतता. रोलर आणि पॅलेट नाइफने ते थर चढवत आणि खरवडत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे ते पूर्ण करीत. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००१ साली ते गेले आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याआधी, डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचे १९७९ सालचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले होते. हा आकडा व्यापारी वाचकाचे लक्ष वेधून घेईल, हे खरे. परंतु बाजारभाव कळला म्हणून चित्र कळले असे होत नाही. ज्याने ते केले, त्याने आयुष्याचा मोठा भाग बोलणे कमी करून काढला होता, हे त्या चित्रासमोर उभे राहताना अधिक उपयोगी पडते.

गायतोंडे यांच्या सहवासात आलेल्या नसरीन मोहमदी यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचा जन्म १९३७ साली कराचीचा, वाढ मुंबईत, आणि १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या कलाशाळेत अध्यापन केले. शाई, पेन्सिल आणि पट्टी एवढ्या साधनांनी त्या केसाएवढ्या बारीक रेषा ओढीत. रोजनिशीत लिहिलेल्या मजकुरावरही शाईचे पट्टे ओढून त्या पानाचीच आकृती बनवीत. शरीराच्या हालचालींवरचा ताबा हिरावून घेणारा आजार जडल्यावरही त्यांच्या रेषेची शिस्त ढळली नाही. १९९० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले. ज्या हाताला स्थिर राहणे कठीण झाले, त्या हाताने ओढलेली सरळ रेघ पाहिल्यावर ती ‘कशाची’ आहे हे विचारावेसे वाटत नाही.

रवींद्रनाथ ठाकूर तर चित्रकलेकडे वळले ते खाडाखोडीतून. कवितेच्या हस्तलिखितात नको असलेले शब्द खोडताना त्या खोडलेल्या जागा एकमेकींना जोडत ते आकार घडवू लागले. १९२४ साली अर्जेंटिनात असताना लिहिलेल्या कवितांच्या वहीत हे विशेष दिसते. पुढे १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन झाले, तेव्हा त्यांचे वय ६९ होते. आपल्या घरातल्या ज्येष्ठांनी ‘आता या वयात कुठे’ असे म्हणण्यापूर्वी हे वय ध्यानात घ्यावे.

घरच्या घरी हा सराव करायचा झाल्यास फार सामग्री लागत नाही. जुन्या चोपड्यांची कोरी उरलेली पाने चालतील. कोळसा, पेन्सिल, बोरू, शाईत बुडवलेली सुतळी किंवा झाडूची काडी, यांपैकी काहीही घ्यावे. बाजारात प्राण्यांच्या केसांचे ब्रश मिळतात. आपल्या घरांत नायलॉनचा ब्रश आणावा. सामायिकानंतरची शांत वेळ यासाठी उत्तम. एखादा प्रसंग मनात आणावा आणि तीन-चार मिनिटे हात कागदावर मोकळा सोडावा. अक्षर लिहू नये, ओळखीचा आकार काढू नये, खोडू नये. झाल्यावर कागद हातभर दूर धरून पाहावा. रेघ कुठे कागद फाडण्याइतकी दाबली गेली? कुठली जागा हाताने टाळली? एकच वळण किती वेळा आले? मग स्वतःला विचारावे: ही शिळेवरची, जमिनीतली, वाळूतली की पाण्यावरची? मागच्या बाजूला केवळ तारीख टाकावी. ज्याच्याविषयी राग आहे, त्याचे नाव लिहू नये.

मुलांच्या बाबतीत एक पथ्य पाळावे. लहान मुलाने कागदभर काळ्या रेघोट्या ओढल्या, तर त्यावरून त्याच्या स्वभावाचे भविष्य सांगू नये. “हे काय काढलेस?” यापेक्षा “हे काढताना हात दुखला का? कुठून सुरुवात केलीस?” असे विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. आवडत्या रंगाची कांडी सापडली म्हणूनही मूल कागद भरते. आणि घरातले कोणी दीर्घकाळ झोपेवाचून राहत असेल, जेवणावरची वासना उडाली असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर कागद-कोळशावर विसंबून न राहता विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. त्यात कमीपणा नाही.

पर्युषण जवळ आले की आपण घरे आवरतो, उपवासांचे संकल्प करतो, क्षमापनेच्या पत्रिका छापतो. यंदा त्याआधी एक महिना असा एक कागद करून ठेवावा आणि संवत्सरीच्या किंवा क्षमावाणीच्या सकाळी, कोणताही संदेश पाठवण्यापूर्वी, त्याच प्रसंगावर दुसरा कागद करावा. दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. हात पहिल्याइतकाच दाबला गेला असेल, तर छापील शब्दांनी स्वतःची समजूत घालू नये. अजून काम बाकी आहे, हे मान्य करावे. आणि दुसऱ्या कागदावरची रेघ थोडी जरी हलकी झाली असेल, तर मोबाइल बाजूला ठेवून प्लायवूडच्या भिंतीपलीकडच्या दाराची कडी वाजवावी.