घरच्या बॅटरीचा हिशेब

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत बागायतदारांच्या घरी इन्व्हर्टर व बॅटरी ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी तर २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. परंतु वस्तू घरात आली म्हणजे तिची समजही आली, असे होत नाही. बॅटरी विकत आणणारा कर्ता पुरुष तिच्याविषयी थोडेबहुत जाणतो. ती दिवसभर वापरणाऱ्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांस बहुधा कोणी काही सांगितलेले नसते. मग मध्यरात्री पंखा थांबला की दोष दुकानदारास!

आमच्या मते हा विषय घरात समजावून देण्यास सामाईक विहिरीइतका चांगला दाखला नाही. विहिरीत पाणी किती, झरा किती आणि कोणाची पाळी किती, हे आपल्याकडील पोरही जाणते. बॅटरीचेही तसेच आहे. सर्वत्र आढळणारी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी घेतली, तर तीत १८०० वॅट-तास वीज मावते. परंतु अशी बॅटरी वरचेवर तळापर्यंत उपसल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून निम्मीच, म्हणजे ९०० वॅट-तास, आपली समजावी. तीतूनही सुमारे पाचवा हिस्सा इन्व्हर्टरमध्ये खर्ची पडतो. हाती उरले ७२०.

आता खर्च पाहू. ९ वॅटचे चार दिवे व ७५ वॅटचे दोन पंखे मिळून १८६ वॅट होतात. म्हणजे पावणेचार तासांहून किंचित अधिक वेळ निभेल. तेच पंखे नव्या बीएलडीसी जातीचे, सुमारे ३० वॅटचे असले, तर हीच बॅटरी साडेसात तास पुरते. दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी पंखे बदलण्याचा विचार करावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. उलटपक्षी, ५०० वॅटचा मिक्सर दहा मिनिटे फिरला तर एका जुन्या पंख्याची तासाभराहून अधिक वीज गेली. इस्त्री, गीझर व पाण्याची मोटर यांस तर या विहिरीवर पाळीच नाही. हा हिशेब खडूने बटणांच्या फळीशेजारी लिहून ठेवावा आणि तो मुलांकडून करवून घ्यावा. स्वतः मांडलेला हिशेब मुले सहसा मोडीत नाहीत.

दिवे गेल्यावर प्रथम काय चालू राहावे, हे घरातील सर्वांनी बसून आधीच ठरवावे. आजारी माणसाचे यंत्र, मग अभ्यासाचा दिवा, मग पंखे. दूरदर्शन संच शेवटी. हे जमणार नाही असे कोणी म्हणेल. परंतु कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा साऱ्या गावाने पाडला. तेथे हेतू मुलांच्या अभ्यासाचा होता, विजेचा नव्हे. पण जे गावास साधले ते एका घरास कठीण नसावे.

छपरावर सौर पॅनेल असलेल्या घरी आणखी एक गैरसमज आढळतो. केवळ महावितरणच्या तारेस जोडलेली व बॅटरी नसलेली यंत्रणा, तार बंद पडताच, भर उन्हातही आपोआप बंद होते. तारेवर काम करणाऱ्या माणसास धक्का बसू नये म्हणून ही योजना केलेली असते. तो बिघाड नव्हे.

निगेविषयी थोडे. शिशाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे पाणी कितीही गोड असले तरी त्यातील क्षार पत्र्यांस मारक ठरतात. आम्लही वरून घालू नये. भरताना अशा बॅटरीतून ज्वलनशील वायू निघतो. यास्तव ती हवेशीर जागी, समई व चूल यांपासून दूर असावी.

कृष्णाकाठच्या वाचकांस जागेविषयी वेगळे सांगणे भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, आणि पूरग्रस्त भागांत वीज दिवसेंदिवस बंद राहिली. अशा वेळी बॅटरीची खरी गरज पडते, आणि नेमकी तेव्हाच जमिनीलगत ठेवलेली बॅटरी पाण्याखाली जाते. ती माडीवर अथवा भक्कम उंच ओट्यावर बसवावी. आणि पुराचे पाणी लागलेली बॅटरी वा इन्व्हर्टर जाणत्या वायरमनने तपासल्याखेरीज कोणीही चालू करू नये, हे घरातील लहानथोरांस पावसाळ्यापूर्वीच सांगून ठेवावे.